कॅबिनेट तपासायला आले आणि धूर दाखवून गेले

सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये मी १९ वर्षं मायक्रोबायोलॉजी सांभाळते. आमच्याकडे टीबीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं, चालतं, त्यामुळे क्लास टू, ए२ प्रकारचं बायोसेफ्टी कॅबिनेट (हवा आत ओढून गाळणारं, पुढून उघडं, काचेचं कपाट) आहे आणि त्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. गेली चार वर्षं दुसरा एक जण यायचा. ब्लोअर चालू करून आवाज ऐकायचा, प्रेशर गेजवर नजर टाकायचा, स्टिकर चिकटवून वीस मिनिटांत निघायचा. फाइलला कागद लागायचा, तो मिळायचा. यंदा आमच्या मॅडमनी कॅबिनेट तपासणाऱ्या या कंपनीला बोलावलं.

दोघे जण आले. पहिला प्रश्न: "ताई, आत शेवटचं काम कशावर केलंत? कशाने पुसलंत?" ते समजल्याशिवाय त्यांनी कॅबिनेटला हात लावला नाही. मग मोजणी सुरू झाली. पुढच्या फटीतून आत जाणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला किमान १०० फूट हवा. आमचा भरला ८१. गेजचा काटा मात्र चार वर्षं होता तिथेच आहे.

मग म्हणाले, रोज बसता तशा बसा, हात आत घाला. त्यांनी धुराची नळी काचेच्या खालच्या कडेशी धरली. पांढरी रेघ माझ्या मनगटांवरून सरळ आत, जाळीत ओढली गेली. "आता एसी लावा." एसी माझ्या डाव्या खांद्याच्या वर, भिंतीवर आहे. अर्ध्या मिनिटात ती रेघ थरथरली, कोपराशी वळली आणि बाहेर, माझ्या हनुवटीपर्यंत आली. धुराचा वास मला आला. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो एसी आम्ही दिवसभर चालू ठेवतो. मी काही वेळ हात बाहेरच काढले नाहीत.

तिसरी गोष्ट फिल्टरची. ए२ कॅबिनेटमधली काही हवा गाळून पुन्हा खोलीत सोडली जाते, म्हणजे वरचा हेपा फिल्टर (जंतू अडवणारा बारीक गाळ) गळत असेल तर ती हवा आमच्याच नाकात. त्यांनी फिल्टरच्या आतल्या बाजूला तेलाचं बारीक धुकं सोडलं आणि स्टुलावर चढून धुकं मोजणाऱ्या फोटोमीटरची नळी फिल्टरवरून इंच इंच फिरवली. गळती ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात, फिल्टर चौकटीला टेकतो तिथे, आकडा एकदम चढला. मला वर चढवून दाखवला.

२०१७ मध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारीला मानेच्या गाठीचा टीबी झाला. कशातून झाला, कधीच कळलं नाही. नळी फुटली नव्हती, काही सांडलं नव्हतं. दुपारच्या तासाभराच्या प्रशिक्षणात त्यांनी अमेरिकन संशोधक पाईक यांची १९७६ ची पाहणी सांगितली: लॅबमध्ये झालेल्या ३,९२१ संसर्गांची नोंद, आणि त्यांत ठरावीक अपघात सापडला तो पाचातल्या एकाहूनही कमी ठिकाणी. बाकीच्यांना आमच्या या मैत्रिणीसारखंच, नकळत. अमेरिकेत कॅम्प डेट्रिकला, लष्कराच्या जैविक अस्त्रांच्या संशोधन केंद्रात, डॉ. अर्नोल्ड वेडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच शोधून काढलं होतं. पिपेट फुंकणं, तापलेला लूप (जंतू उचलायची तारेची कडी) कल्चरमध्ये बुडवणं, सेंट्रिफ्यूज लगेच उघडणं, अशा रोजच्या कामांतून किती जंतू हवेत उडतात ते त्यांनी मोजलं. आजची कॅबिनेटं आणि नियम बरेचसे त्या कामातून आले. आपल्या पुण्यातही, क्यासनूर तापाचा, म्हणजे माकडतापाचा, विषाणू १९५७ मध्ये सापडल्यावर व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही), कर्मचाऱ्यांना कामातून लागण झाली होती. हे मला १९ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. १९७९ ची सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी अँथ्रॅक्स केंद्रातली घटनाही तेव्हाच ऐकली: काढलेला फिल्टर परत बसवायचा राहिला, असं सोव्हिएत जैविक अस्त्र कार्यक्रमातल्या एका माजी अधिकाऱ्याने पुढे सांगितलं, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारी साठाहून जास्त माणसं अँथ्रॅक्सने गेली. फिल्टरचा कोपरा नुकताच पाहून आले होते, म्हणून ते जास्त लागलं.

तक्रारी दोन. बायोसिक्युरिटीचा, म्हणजे जंतू चुकीच्या हातात पडू नयेत याचा, भाग पाच मिनिटांत उरकला. कल्चर ठेवलेल्या फ्रीजरची किल्ली कोणाकडे, नोंदवही कोण तपासतं, एवढं विचारलं आणि पुढे गेले. आमची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, यावर बोलायला हवं होतं. दुसरं, स्लाइड सगळ्या इंग्रजीत. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या ऑटोक्लेव्हला लावणाऱ्या आमच्या मावशी तासभर नुसत्या बसून होत्या, आणि सगळ्यांत जास्त धोका त्यांनाच. पुढच्या वेळी मराठीत घ्या, हे मी त्यांना सांगितलं, इथेही लिहिते.

एका कॅबिनेटचे साडेसात हजार अधिक जीएसटी. आधीचा दोन हजार घ्यायचा. यांनी पूर्ण चार तास दिले, आणि "पास" स्टिकर दिलं नाही. रिपोर्टवर "वापरू नये" लिहून सही केली, मॅडम समोर उभ्या असताना. त्यासाठी माझे पाच तारे.

एसी समोरच्या भिंतीवर हलवलाय. फिल्टर येत्या गुरुवारी बदलणार, तेव्हा ते परत मोजायला येतील. तोवर कल्चरचे नमुने दुसऱ्या लॅबला जातात आणि कॅबिनेटच्या काचेवर त्यांचा लाल कागद आहे.