पाच वर्षांचा 'फुल इन्शुरन्स' आणि चार क्विंटल कापूस

१० नोव्हेंबर २०२३, धनतेरस. पहिल्या वेच्याचा चार क्विंटल कापूस बाबांनी खेडा खरेदीवाल्याला दिला होता. त्याचे २७,००० रुपये कापडी पिशवीत घेऊन आम्ही दोघं तालुक्याच्या गावी गेलो. आमचा जिल्हा यवतमाळ. मी रोज पहाटे दोन गावांतलं दूध गोळा करून तालुक्याच्या संकलन केंद्रावर पोचवतो. जुनी गाडी पार थकली होती, म्हणून शंभर सीसीची साधी नवी गाडी घ्यायची ठरली.

दुकान कंपनीचं मुख्य नव्हतं, सब-डीलरचं होतं. सणाची गर्दी, झेंडूच्या माळा, एकाच वेळी चार-चार गाड्यांची पूजा. काउंटरवरचा पोरगा बोलायला गोड होता. बाबांना त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "गाडीले काही झालं तं?"

"काका, पाच वर्सं फुल इन्शुरन्स हाय. पल्ली, ठोकली, काही झालं तरी कंपनी भरते. तुमाले हात लावाचं काम नाई."

त्या एका बोलण्यावर बाबांनी पिशवी सोडली. म्हणून आधी त्याच बोलण्याबद्दल लिहितो.

चौदा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पहाटे पाचच्या सुमारास तुरीच्या वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, एकदम डांबरी रस्त्यावर आला. धुकं होतं. ब्रेक दाबेपर्यंत तो अंगावर होता. दोन्ही कॅनमधलं दूध रस्त्यावर गेलं, माझ्या मनगटाला प्लास्टर लागलं, गाडीचा पुढचा शॉकअप वाकला, हेडलाइट फुटला, टाकी दबली. दुरुस्तीचा खर्च निघाला १४,८०० रुपये. मला वाटलं, इन्शुरन्स आहेच. यवतमाळच्या वर्कशॉपमध्ये पॉलिसीचा कागद दिला. तिथल्या मिस्त्रीनं तो उलगडला आणि बोट ठेवून दोन ओळी दाखवल्या. 'थर्ड पार्टी' समोर लिहिलं होतं १०/११/२०२३ ते ०९/११/२०२८. 'ओन डॅमेज' समोर लिहिलं होतं १०/११/२०२३ ते ०९/११/२०२४.

म्हणजे माझ्या गाडीच्या नुकसानीचा विमा दोन महिन्यांपूर्वीच संपलेला होता. पाच वर्षांचा होता तो थर्ड पार्टी, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे, प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो. दुकानदार त्यात काही जास्तीचं देत नाही. आपली गाडी रोह्यानं पाडली, चोरीला गेली, पुरात वाहून गेली, तर लागतो तो ओन डॅमेज. माझ्या पॉलिसीत तो एकच वर्षाचा होता, पुढे दरवर्षी भरायचा. कोणत्याही विमा कंपनीकडून भरता येतो, त्याच दुकानात जायची गरज नसते.

मग नूतनीकरणाचा मेसेज मला का आला नाही? पॉलिसीवर मोबाईल नंबर माझा नव्हताच, दुकानाचा होता. हे पाहिलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. चूक झाली असेल असं मी आजही धरायला तयार आहे, पण त्या एका नंबरामुळे आमचे जवळपास पंधरा हजार गेले. गाडी घेतल्या दिवशीच पॉलिसीवर आणि आरसीवर आपला नंबर आहे का ते पाहून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

त्या रात्री मी गाडीचे सगळे कागद खाटेवर मांडले. चौदा महिने ते प्लास्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे पडून होते. बाबा शेजारी बसले होते, मी वाचत होतो, ते ऐकत होते.

दुकानानं 'ऑन रोड' ८७,००० सांगितले होते. तोंडी. २७,००० आम्ही रोख दिले, ६०,००० फायनान्सचे. आता टॅक्स इन्व्हॉइसवर गाडीची किंमत होती ६६,०००. रोड टॅक्स आणि नोंदणीच्या आरटीओच्या पावत्या मिळून ७,९०० च्या आसपास. विम्याचा हप्ता ६,१०० च्या आसपास. बेरीज ८०,०००. उरलेल्या सात हजारांचा एकही कागद नव्हता. दुकानात विचारलं तेव्हा उत्तर आलं, "हँडलिंग, लॉजिस्टिक, अ‍ॅक्सेसरीज." अ‍ॅक्सेसरीजमध्ये सीट कव्हर होतं आणि साडी गार्डही धरलेलं होतं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असलंच पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात, मग त्याचे वेगळे पैसे कशाचे? हेल्मेटचंही तसंच. 'फ्री' म्हणून दिलेल्या हेल्मेटवर आयएसआय मार्क नव्हता. त्याच नियमांमधल्या १३८व्या नियमाप्रमाणे दुचाकी घेताना मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट मिळणं हा आपला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही.

'ऑन रोड' हा शब्द फार धोक्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यात सरकारचे पैसे, विमा कंपनीचे पैसे आणि दुकानाचे पैसे एकत्र मिसळलेले असतात, आणि आपण एकाच आकड्यावर घासाघीस करत बसतो. बाबांनी पाचशे रुपये कमी करून मागितले होते. पोरानं मोठ्या मनानं कमी केल्यासारखं दाखवून शेवटी ८७,००० वर आणलं, आणि बाबा खूश झाले.

आरसीवर गाडी बनल्याचा महिना होता डिसेंबर २०२२. धनतेरसला घेतलेली नवीकोरी गाडी अकरा महिने गोडाऊनमध्ये उभी होती. जुना स्टॉक घेणं वाईट नाही, पण मग तो तसा सांगावा आणि किंमत कमी करावी. पुढे विकायला काढली की गिऱ्हाईक बनावटीचं वर्षच पाहतो. आरसी गाडी घेतल्यावर येते, त्याआधी पाहायचं तर टायर पाहा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ४४२२ आहे, म्हणजे २०२२ चा चव्वेचाळिसावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधी बनतात, तेव्हा अंदाज बरोबर येतो. सेल लेटरवरही महिना-वर्ष असतं, पैसे मोजण्याआधी ते दाखवायला सांगा.

कर्जाचं सांगतो. फायनान्सवाला पोरगा त्याच दुकानात टेबल टाकून बसला होता. म्हणाला, "फक्त दहा टक्के." ६०,००० चं दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज १८,०००, एकूण ७८,०००, छत्तीस हप्ते, महिन्याला २,१६७ रुपये. हिशेब बरोबर दिसतो. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच लागतं. याला फ्लॅट रेट म्हणतात. बँक उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, तशा हिशेबानं हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं कर्ज देणाऱ्यांना एक पत्रक देणं बंधनकारक केलं आहे, त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पत्रक मागा, आणि तोच आकडा आपल्या बँकेच्या आकड्याशी ताडून पाहा.

मायलेज ८० सांगितलं होतं. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या पद्धतीनं गाडी चालवून काढलेला. त्याला मी खोटं म्हणत नाही. पण माझ्या गाडीवर दोन कॅन असतात आणि रस्ता अर्धा खड्ड्यांचा आहे. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर मोजून पाच वेळा पाहिलं, ५२ ते ५५ पडलं. रोजचे ६० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ८० आणि ५३ यांच्यात दिवसाला चाळीस रुपयांचा फरक पडतो. महिन्याला बाराशे, म्हणजे हप्त्याच्या निम्म्याहून जास्त. दुकानात विचारण्यापेक्षा तीच गाडी वापरणाऱ्या दूधवाल्याला विचारलं असतं, तर दोन मिनिटांत खरा आकडा कळला असता.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तीन आठवड्यांनी दुकानातून फोन आला आणि ५,००० परत मिळाले, ते त्या सात हजारांतले. विम्याचं काही झालं नाही, कारण 'पाच वर्सं फुल' हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तोंडी बोलण्याला पुरावा काय देणार?

बाबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. नुसतं म्हणाले, "मीच इचारलं होतं त्याले, पोरा." ते ऐकवत नव्हतं. तो कापूस आईनं वेचला होता.

हे आत्ता लिहायचं कारण, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि गावात पुन्हा गाड्या घ्यायची लगबग सुरू झाली. माझा चुलतभाऊही निघाला. मी त्याला वहीच्या पानावर ओळी पाडून दिल्या: गाडीची किंमत, आरटीओ, विमा, ओन डॅमेज किती वर्षं, हँडलिंग, बनावटीचा महिना. प्रत्येक ओळीसमोर जागा मोकळी ठेवली आणि खाली दुकानाचा शिक्का-सहीसाठी. पहिल्या दुकानात पोरानं पान पाहिलं आणि म्हणाला, "असं लिहून नाई देत आमी." आम्ही उठून बाहेर आलो. दुसऱ्या दुकानात मालक स्वतः बसले होते. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, आकडे भरले, 'हँडलिंग'च्या ओळीवर रेघ मारली आणि खाली शिक्का उमटवला.