लिनक्सचे क्लोन नेटवर्कवर अडले: मास्टर पुन्हा साफ करायचा की क्लोन जागच्या जागी सावरायचे?

एका मशीनवर (म्हणजे मास्टरवर) लिनक्स नीट बसवलं, डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या क्लोनझिलाने तीच प्रतिमा बाकीच्या एकसारख्या मशीनवर उतरवली आणि नेटवर्क चालेना. आता मास्टर साफ करून पुन्हा क्लोन करायचे, की आहेत तेच एकेक सावरायचे? आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, उत्तर त्यावर ठरतं.

सेंटओएस ६ किंवा डेबियन ७ अशी जुनी लिनक्स असेल तर केबल जोडलेली, कार्डाचा दिवा लुकलुकतोय, पण 'इथ०' हे पहिल्या नेटवर्क कार्डाचं नाव सापडत नाही; यादीत 'इथ१' दिसतो. मास्टरच्या कार्डाचा मॅक, म्हणजे कार्डाचा स्वतःचा पक्का नंबर, ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स या फाइलीत नोंदलेला असतो. क्लोनचा मॅक वेगळा, म्हणून उपकरणांना नावं देणारा यूडेव्ह त्याला पुढचा नंबर देतो आणि सेटिंग मात्र इथ०च्याच नावावर राहतं. ती फाइल उडवा, सेंटओएसवर इथ०च्या सेटिंगमधली जुन्या मॅकची ओळ काढा, रीबूट करा. दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी पुन्हा क्लोनिंग करू नका.

२०१३च्या सिस्टमडी १९७पासून (सिस्टमडी म्हणजे लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) कार्डाचं नाव स्लॉटवरून ठरू लागलं. एकसारख्या मशीनवर नावही एकच येतं, त्यामुळे तिथे हा त्रास उरला नाही. त्याऐवजी जो येतो तो जास्त फसवा. सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग, सिस्टमडी-नेटवर्कडी, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला मॅकऐवजी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो. मशीन-आयडी म्हणजे ३२ अक्षरांची एक ओळ, आणि क्लोनमध्ये तीही जशीच्या तशी आलेली असते. सर्व्हरला वाटतं, एकच मशीन परत परत येतंय. तो सगळ्यांना एकच आयपी देतो. एक चालू झालं की दुसरं तुटतं. तिसऱ्या मशीनवरून त्या आयपीला आर्पिंग करा, म्हणजे हा आयपी कोणत्या मॅककडे आहे ते विचारणारी कमांड चालवा: एकाच आयपीसाठी दोन वेगळे मॅक उत्तर देताना दिसले, की शंका मिटली.

इथे क्लोन सावरणं महागात पडतं. आयपीच एक असल्याने एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीने) सगळ्यांवर स्क्रिप्ट चालवता येत नाही; प्रत्येक मशीनपुढे जाऊन बसावं लागतं. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपीची ओळख मॅकवर नेली की आयपी वेगळे होतात, पण मशीन-आयडी सारखाच राहतो आणि एकत्र जमवलेल्या लॉगमध्ये कोण कुठलं हे कळेनासं होतं. चार-पाच मशीन असतील तर मी हातानेच करेन. त्याहून जास्त असतील तर मास्टरकडेच परत जा.

मास्टरवर मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, डीबस (प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणारी सेवा) त्याच आयडीची वेगळी प्रत ठेवत असेल तर तीही काढा, आणि लगेच बंद करून प्रतिमा घ्या. मधे एकदा जरी मास्टर चालू केला, तर नवा आयडी भरला जातो आणि पुन्हा सगळे क्लोन जुळे निघतात. एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या फाइलीही, पुसा. मात्र डेबियनवर त्या आपोआप नव्याने बनत नाहीत, पहिल्या बूटला त्या बनवणारी छोटी सेवा आधीच ठेवावी लागते. मग आधी दोनच मशीनवर प्रतिमा उतरवा, दोन्ही एकदम चालू करा आणि आयपी वेगळे आलेत का बघा.