मामांचा जुना छोटा कॅमेरा, नऊ महिने वापरल्यानंतर

मामांच्या कपाटात 2010 सालचा छोटा डिजिटल कॅमेरा पडून होता, 12 मेगापिक्सेल, 4 पट झूम, शर्टाच्या खिशात बसतो. गेल्या गणपतीआधी बेळगावात शहापूरला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "घेऊन जा की, हितं नुसता पडून हाय." तेव्हापासून वापरायलोय. असले कॅमेरे घराघरात आहेत, बिघडला म्हणून लोक टाकून देतात, खरं बऱ्याचदा तो बिघडलेलाच नसतो, म्हणून लिहितोय.

पहिल्याच दिवशी 'कार्ड एरर'. नवीन 64 जीबीचं कार्ड घेतलेलं, एका दुकानात दाखवलं तर कॅमेरा गेला म्हणाले. घरी येऊन नीट बघितलं तर कार्डाच्या झाकणाजवळ एसडीएचसी लिहिलंय, म्हणजे 32 जीबीपर्यंतच. 64 चं कार्ड एसडीएक्ससी असतं, या जुन्या कॅमेऱ्याला ते वाचताच येत नाही. 16 जीबीचं घातलं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, झालं सुरू. तारीख सारखी मागं जायची ती पण अशीच, आतला तारीख सांभाळणारा बारका सेल मोठ्या बॅटरीवरच चार्ज होतो, चार्ज केलेली बॅटरी एक दिवस आत ठेवली आणि मग तारीख लावली तेव्हा टिकली.

खरा घाम फुटला तो राजहंसगडावर. येळ्ळूरकडून वर गेलो, वारा एवढा होता की माती उडालेली, आणि लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली, 'लेन्स एरर', कॅमेरा बंद. जोर लावून आत ढकलू नका, आतल्या बारक्या चाकांचे दात तुटतात. बॅटरी काढली, लेन्स खाली तोंड करून धरली, रबरी ब्लोअरनं कडेच्या फटीत हळूहळू हवा मारली, बॅटरी घालून चालू केला, असं तिसऱ्यांदा केल्यावर लेन्स सुटली. अजून थोडा कर्र आवाज येतो. आणि पिशवीत असताना चालू होऊ देऊ नका, लेन्स कापडावर दाबून पण अडकते.

रात्रीच्या चित्ररथांना मात्र शिकायला मिळालं. लांबचा रथ जवळ ओढायला झूम केला की सगळं हललेलं यायचं, कारण झूम न करता लेन्स एफ 2.8 आणि पूर्ण झूमला 5.6 च्या आसपास (हा आकडा वाढला की लेन्सचं तोंड बारीक होतं), म्हणजे उजेड चौथाई, मग शटर चारपट हळू. त्यामुळं झूम सोडला, गर्दीतनं पुढं सरकत गेलो, फ्लॅश बंद, कोपर छातीला टेकवलेलं. हॅलोजनकडं कॅमेरा केला की स्क्रीनवर जांभळा उभा पट्टा दिसतो, घाबरलो होतो, तो सीसीडी सेन्सरमुळं, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चिपमुळं येतो, व्हिडिओत उतरतो, फोटोत उतरत नाही.

सगळ्यात समाधान दिलं ते बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीनं. 1204 सालचं जैन देऊळ, छताला दगडी कमळ, आत अंधारच, हातात धरून एक फोटो धड येईना. विचारून घेतलं, जमिनीवर रुमाल टाकला, त्यावर कॅमेरा उताणा ठेवला, लेन्स वर, आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) कमी, 80 वर, फ्लॅश बंद, 2 सेकंदांचा टायमर लावून बाजूला झालो. कमळाच्या पाकळीपाकळीवरचं कोरीव काम दिसतंय. तो फोटो मोठा काढून मामांना दिलाय, त्यांनी देवघराशेजारी लावलाय.

आता पाऊस तोंडावर आलाय, आपल्याकडची दमट हवा लेन्सला बुरशी आणते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवतोय, आणि बॅटरी जरा फुगल्यासारखी वाटायलीय ती काढून दुसरी शोधायलोय.