नागपूरच्या उन्हात कॅराव्हॅन ट्रेलर: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही एक वापरलेला, बारा फुटी, फायबरचा कॅराव्हॅन ट्रेलर घेतला. आत दोन बाकं होती, ती जोडली की पलंग व्हायचा. एक लहानसा ओटा, दोन खिडक्या, एक दिवा, बस. घेताना तीन गोष्टी मात्र नीट पाहिल्या होत्या: ट्रेलरची स्वतःची नोंदणी आणि नंबर आहे का, त्याला स्वतःचा ब्रेक आहे का, आणि खालची चौकट गंजलेली तर नाही ना. ओढायला घरची बोलेरो होतीच. बाकी सगळं हळूहळू स्वतःच्या हातानं करायचं असं ठरवलं आणि केलंही. तेव्हापासून एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा त्यानं बघितला आहे. पेंच, नागझिरा, ताडोब्याचं मोहर्ली, लोणार आणि एकदा चिखलदरा अशी भटकंती झाली. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत मी जे बसवलं ते जिथे जागा दिसली तिथे बसवलं. साठ लिटरची पाण्याची टाकी मागच्या बाकाखाली, कारण ती पोकळी रिकामी होती. कूलर मागच्या खिडकीत, कारण ती खिडकी त्याच मापाची होती, भिंत कापावी लागत नव्हती. स्टेपनी आधीपासूनच मागे टांगलेली. फेब्रुवारीत सिल्लारीला निघालो. मनसर सोडल्यावर हलक्या उतारावर वेग ऐंशीच्या जवळ गेला, शेजारून एक मोठा कंटेनर गेला आणि ट्रेलर मागे डोलायला लागला. आधी थोडं, मग जास्त, मग बोलेरोचं मागचं अंगही त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे जाऊ लागलं. आई मागच्या सीटवर होती. पोटात गोळा आला. ब्रेक मारावासा वाटत होता, पण तेवढं एक वाचलेलं आठवलं की अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगनं डोलणं खोडायचा प्रयत्न करायचा नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. साठच्या खाली आल्यावर ते थांबलं. बाजूला गाडी लावली. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

परत आल्यावर ज्या वेल्डिंगवाल्या दादांनी पायरी करून दिली होती त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ट्रेलरचा पुढचा दांडा एका हातानं उचलून पाहिला आणि म्हणाले, "पूरं वजन मागं नेऊन ठेवलं न भाऊ तुम्ही. मंग हे समोरून उचलनच न."

त्यांच्या सांगण्यावरून ट्रेलर धरमकाट्यावर नेला. भरलेल्या अवस्थेत ८५० किलो. पुढच्या दांड्याचं, म्हणजे गाडीच्या हुकावर पडणारं वजन मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना दगडांची ओट लावून, दांडा हुकाच्या उंचीवर राहील असा काट्यावर टेकवायचा. माझं भरलं ३१ किलो. ते एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हवं, म्हणजे ८५ च्या आसपास. तेवढं नसेल तर ट्रेलर गाडीमागे नीट चालत नाही, शेपटीसारखा हलतो. खूप जास्त झालं तरी वाईट, कारण गाडीचं पुढचं अंग उचलतं आणि हुकाच्या क्षमतेलाही मर्यादा असते. ती हुकावर लिहिलेली असते, बघून घ्या.

त्या दिवसापासून माझ्यासाठी ट्रेलरमध्ये काय बसवलं यापेक्षा कुठे बसवलं हे महत्त्वाचं झालं. टाकी काढून थेट धुऱ्यावर (चाकांच्या आसावर), जमिनीलगत आणली. तिथे तिचं वजन पुढेही जात नाही, मागेही नाही, आणि पाणी संपलं तरी तोल बिघडत नाही. कूलर उचलून पार पुढे, बाहेर, दांड्याच्या तिकोनी चौकटीवर नेला. पुन्हा मोजलं तेव्हा दांड्यावर ८४ किलो होते. वर्षभर झालं, डोलणं नाही. तरी मी सत्तरच्या वर जात नाही.

आता कूलरबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. "एसी का नाही लावला?" पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी चालताना सात-आठशे वॅट घेतो. माझ्या बॅटरीत सगळी मिळून १२८० वॅट-तास वीज मावते. म्हणजे जेमतेम दीड तास. जनरेटर घेऊन जंगलाच्या कडेला बसायचं मला पटत नाही. कूलरचा १२ व्होल्टचा पंखा आणि पंप मिळून ६५ वॅट, म्हणजे रात्रभर चालवला तरी पाचशेच्या आसपास. आणि नागपूरच्या माणसाला कूलरवर विश्वास ठेवायला शिकवावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाझप उडतं आणि हवा थंड होते.

पण घरच्या आणि ट्रेलरच्या कूलरमध्ये फरक आहे. खोली इतकी लहान की आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर वीस मिनिटांत आत दमट, चिकट होतं. माझा कूलर पुढून, एका कापडी नळातून हवा आत सोडतो, आणि मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवावीच लागते. ती बंद करून झोपलो त्या रात्री घामाघूम होऊन उठलो. पाणी तासाला तीन लिटरपर्यंत लागतं, तेव्हा मुक्कामाला नळ आहे का हे आधी विचारून घेतो. ताट्या मी वाळ्याच्याच लावल्या. हनीकोंब पॅड जास्त टिकतो हे खरं, पण वाळ्याचा वास आला की आईला झोप लागते, विषय संपला. प्रवासात टाकी रिकामी करायची आणि वरून ताडपत्री बांधायची, नाहीतर गाडीच्या चाकांची सगळी धूळ ताट्यांत जाते. कूलर वेल्ड केलेला नाही, क्लॅम्पनं बसवला आहे, पाच मिनिटांत निघतो.

जुलै-ऑगस्टमध्ये हाच कूलर निरुपयोगी असतो. हवेतच पाणी असतं, ते उडणार कुठे? तेव्हा नुसता पंखा.

कूलरच्या आधी मात्र छप्पर. हे काम मी दुसऱ्या क्रमांकावर केलं, पहिल्यावर करायला हवं होतं. मूळ छपराला आतून फक्त पातळ प्लाय होती. एप्रिलच्या एका दुपारी तीन वाजता, बाहेर ४३ अंश असताना, आतून छताला थर्मामीटरची बंदूक लावली तर ५६. त्याच्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. वरून पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे तीन हात दिले. आतून प्लाय काढून पाऊण इंची फोम शीट, मग अर्धा इंच पोकळी, मग चंदेरी फॉइलची शीट, चमकती बाजू पोकळीकडे. फॉइल कशाला तरी चिकटवून टाकली की तिचा उपयोग जातो, तिच्यासमोर हवा लागते. तिसरी गोष्ट सोलर पॅनल. दोन पॅनल, मिळून ३३० वॅट, छपरापासून तीन इंच उंच ब्रॅकेटवर. खालून वारा खेळतो म्हणून पॅनल थोडं कमी तापतं, आणि छपराच्या मोठ्या भागावर सावली आपोआप पडते. हे तिन्ही झाल्यावर तशाच दुपारी तेच छत ४६ वर होतं. कूलर लावल्यावर आतली हवा ३१. मे महिन्यात दुपारी तीनला ३१ म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको.

पॅनलबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. त्यावर लिहिलेले वॅट हे पॅनल २५ अंशांवर असतानाचे. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. आपल्याकडे मेमध्ये पॅनलचा पृष्ठभाग सहज ६५ अंशांच्या वर जातो, म्हणजे पंधरा-सोळा टक्के तिथेच गेले. मला डिसेंबरच्या स्वच्छ दुपारी ताशी जितकी वीज मिळाली तितकी मेमध्येही कधी कधी मिळाली नाही. हिशोब करताना हे धरा.

स्वस्तात मस्त उपाय म्हणाल तर हिरवी जाळी. रोपवाटिकेत लावतात ती. पश्चिमेच्या अंगाला दोन बांबूंवर ताणली की दुपारचा निम्मा त्रास तिथेच थांबतो.

वायरिंगमध्ये मी चुकलो. घरात चालते तीच अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ट्रेलरभर फिरवली. फ्रिज दर रात्री आपोआप बंद पडायचा. फ्रिज खराब आहे असं समजून दुकानात नेला, तिथे उत्तम चालला. कारण साधं होतं. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला करंट कितीतरी जास्त लागतो, आणि वायर बारीक असेल तर व्होल्ट वाटेतच गळतात. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, दहा अँपिअर: अडीच स्क्वेअरमध्ये पाऊण व्होल्ट जातो. बॅटरी १२ वर असेल तर फ्रिजला मिळतात सव्वाअकरा, आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. सहा स्क्वेअरची वायर टाकली, तोटा ०.३ वर आला. त्यानंतर फ्रिज एकदाही बंद पडला नाही. मुख्य फ्यूज बॅटरीला लागूनच हवा, वीतभर अंतरावर. फ्यूजच्या आधीची वायर घासून उघडी पडली तर तिला कुणीच वाचवत नाही, आणि फायबर-प्लायच्या डब्यात आग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

बॅटरी आधी घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर होती. पंचावन्न किलो, आणि चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, जो झोपायच्या खोलीत नकोच. ती बदलून शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, बारा किलोची. सगळ्या कामातला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि हा खर्च मला अजिबात टोचत नाही. तिलाही उन्हात भट्टी होणाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. माझी जमिनीलगत, सावलीच्या बाजूला आहे.

पावसाळ्यानं मला सरळ केलं. पॅनलच्या ब्रॅकेटसाठी छपराला बारा भोकं पाडली होती आणि साधं सिलिकॉन भरलं होतं. जुलैमध्ये नागझिऱ्याजवळ मुक्कामाला असताना रात्री आईच्या उशीवर थेंब. सकाळपर्यंत प्लाय फुगली. सगळं उतरवून, जुनं सिलिकॉन खरवडून (त्याचा थर राहिला तर वर दुसरं काही धरत नाही), ब्रॅकेटखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) आणि कडेनं पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट लावलं. त्यानंतर ऑगस्टचे मुसळधार पाऊस कोरडे गेले. पावसाची वाट बघू नका, अंगणात नळीनं अर्धा तास पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा.

चाकांचं थोडक्यात. बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरलं. दर थांब्याला हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, हात लावतो, हात ठेववत नसेल तर काहीतरी बिघडतंय. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. माझ्या टायरांची नक्षी चांगली दिसत होती पण टायर नऊ वर्षांचे निघाले, बदलले. चिखलदऱ्याचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता.

लांबी-रुंदी, धुरा, चौकट यांना मी हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बनवणाऱ्या कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. बाहेरून मोठं काही करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

अगदी कमी खर्चाचा आणखी एक बदल म्हणजे घडीची पायरी आणि तिच्याशेजारचा धरायचा दांडा, दोन्ही मिळून १९०० रुपये. आई एकाहत्तरची आहे, गुडघे दुखतात. आधी ती ट्रेलरमध्ये चढायला दोघांचा हात मागायची आणि मग संकोचून फार बाहेरच यायची नाही. आता पहाटे आमच्या आधी उतरून खुर्ची टाकून बसलेली असते.

दिवेही तिच्यामुळेच बदलले. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मागच्या डिसेंबरात त्या बाजूला एका होमस्टेच्या आवारात ट्रेलर लावला होता. माझा बाहेरचा पांढराशुभ्र एलईडी लावला आणि आई म्हणाली, "बंद कर ना तो. तारे पाहायला आलो न आपण?" घरी येऊन तो काढला. आता पिवळसर, मंद, खाली तोंड केलेला दिवा पायरीपुरता आहे. आतही डोळ्याला न टोचणारा उजेड ठेवला. शुक्राएवढी ठळक नाही, पण कृत्तिकेचा पुंजका आईनं चष्म्यातून स्वतः शोधला.

एकूण खर्च ९४,००० च्या आसपास झाला, त्यात बॅटरी, पॅनल आणि फ्रिज मिळून निम्म्याहून जास्त. टीव्हीचा स्टँड लावला होता, काढून टाकला. स्वयंपाक बाहेर करतो, शेगडी आणि सिलिंडर आत आणत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो, आणि आम्ही जमिनीपासून दीड फुटावर झोपतो.

यंदा नवतप्याच्या आधी नव्या ताट्या बसवायच्या आहेत, वाळा आणून ठेवला आहे. एक काम राहिलंय: छपरातून गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. त्यासाठी चौदा इंची चौकोनी भोक पाडावं लागेल. गरज आहे, पंखाही घेऊन ठेवला आहे, पण जुलैची ती उशी आठवते आणि जिगसॉ (कापायची विजेची करवत) हातात घेववत नाही. पावसाळ्याच्या आत ठरवावं लागेल.