शेतावर रेडिमेड घर: पफ केबिन, कंटेनर की एलजीएसएफ?

कारखान्यात पूर्ण किंवा सुट्या भागांत तयार होऊन ट्रेलरवरून शेतात येणारी घरं आता मुळशी, मावळ, कर्जत, वाई या पट्ट्यात जागोजागी दिसतात. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: पफ पॅनलची (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम) केबिन, शिपिंग कंटेनरचं घर आणि एलजीएसएफ, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बोर्ड लावून जागेवर उभं केलेलं घर. राखणदारासाठी किंवा शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी पफ केबिन चांगली. कायम राहायचं तर एलजीएसएफच घ्यावं. कंटेनर दिसायला दणकट, पण राहायला तिघांत सर्वांत गैरसोयीचा.

मात्र घराचा प्रकार ठरवण्याआधी सातबारा काढा. "पोर्टेबल आहे, परवानगी लागत नाही" असं विक्रेते बिनधास्त सांगतात आणि त्यावर विसंबून लोक पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर घर आणून ठेवतात. बांधकाम नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्यात उभी केलेली रचना. सूट आहे ती तात्पुरत्या तंबू-मांडवाला. शेती विभागात (झोनमध्ये) फार्महाऊसच्या परवानगीसाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. कर्जाचंही आधीच बघा. थकलेलं कर्ज वसूल करायला बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, तो कलम 31 नुसार शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही. त्यामुळे एनए (बिगरशेती) नसलेल्या जमिनीवरच्या घराला गृहकर्ज सहसा मिळत नाही.

यानंतर माती. "घर हलकं आहे, सिमेंटच्या चार ब्लॉकवर ठेवू" हा सल्ला काळ्या जमिनीत हमखास महागात पडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि प्रत्येक कोपरा वेगवेगळा हलवते. एक कोपरा अर्धा इंच खचला तरी केबिनची चौकट तिरकी होते. आधी दार घासायला लागतं, मग पॅनलचे सांधे उघडतात, मग तिथून पाणी शिरतं. लोक सुतार बोलावून दार तासून घेतात, पण खरं दुखणं घराच्या पायात असतं. मुरूम लागेपर्यंत खोदून तिथून आरसीसी पेडेस्टल (काँक्रीटचे आखूड खांब) उचलावेत आणि जमिनीपासून दीड फूट वर आणावेत. त्यांचे माथे प्लिंथ बीमने (काँक्रीटच्या आडव्या तुळईने) जोडावेत, लेव्हल ट्यूबने एका पातळीत घ्यावेत. 20 बाय 10 च्या केबिनला असे सहा पेडेस्टल हवेत. केबिन त्यांच्यावर नुसती टेकवू नका. बेस प्लेट 16 मिमीच्या अँकर बोल्टने आवळून घ्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत किती छपरं उडाली ते आठवा. उंचावर ठेवलेल्या हलक्या घराखाली वारा शिरतो आणि त्याला वर उचलायला बघतो.

पॅनल विकत घेताना कोटेशनमधल्या शब्दांवर जाऊ नका, कापलेला तुकडा मागा. कडेला पिवळसर, बारीक छिद्रांचा फोम दिसला तर तो पफ. पांढरे मणी दिसले तर थर्माकोल, आणि तो उन्हाला पफइतका अडवत नाही. मग बरोबर एक फूट बाय एक फूट तुकडा वजनकाट्यावर ठेवा. 50 मिमी जाडीचा, 40 घनतेचा (घनमीटरला 40 किलो) पफ आणि दोन्ही बाजूंना 0.5 मिमी पत्रा असेल, तर तो साधारण 900 ग्रॅम भरतो. 700 च्या आसपास भरला तर पत्रा 0.35 चा आहे. तो शिडी टेकवली तरी चेपतो. पॅनलची खालची कड चॅनलने बंद आहे का हेही वाकून बघा. ती उघडी असली की उंदीर आणि मुंग्या फोम पोखरून आत घर करतात.

कंटेनरबद्दल थोडक्यात. आतली रुंदी मुळात सात फूट आठ इंच. दोन्ही भिंतींना इन्सुलेशन आणि बोर्ड लावल्यावर उरते सव्वासात फूट. साडेसहा फुटी पलंग आडवा टाकला की पायाशी उभं राहायला जागा राहत नाही. खिडकीसाठी पत्रा कापला की भिंतीची ताकद जाते, म्हणून प्रत्येक कापाभोवती बॉक्स पाइपची चौकट हवी. तळाच्या मूळ 28 मिमी प्लायवूडवर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ते काढूनच टाका.

सपाट छपराची केबिन सिलिकॉनच्या भरवशावर कोरडी राहत नाही. उन्हाने पत्रा ताणतो-आकसतो आणि सांध्यातला सिलिकॉन काही वर्षांत सुटतो. केबिनवर फूटभर पोकळी सोडून उताराचं स्वतंत्र पत्र्याचं छप्पर घाला आणि चहूबाजूंनी तीन फूट बाहेर काढा. पाऊस अडतो, पत्र्याचा आवाज दूर जातो, उन्हाळ्यात केबिन कमी तापते. ताम्हिणीसारख्या पावसात याशिवाय केबिन घेऊच नये. हा खर्च बहुतेक कोटेशनमध्ये नसतो.

तसाच हायड्रा (केबिन उचलणारी क्रेन) आणि ट्रेलरचाही नसतो. दहा फूट रुंद केबिन वाहनांच्या 2.6 मीटर रुंदीच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून काही कारखाने ती दोन भागांत आणून जागेवर जोडतात. तो सांधा कसा बंद करणार, हे लिहून घ्या. रस्त्यावरच्या मोऱ्या, वळणं आणि 11 केव्हीच्या तारांची उंची आधी मोजा. माल मे अखेरीपर्यंत उतरवा. भिजलेल्या शेतात हायड्रा रुततो.

शेतीपंपाच्या मीटरवरून घराला वीज घेऊ नका. वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. घरगुती मीटर वेगळं घ्या. सांगाडा लोखंडी असल्याने अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय वीज सुरू करू नका. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहीर-बोअरपासून किमान 15 मीटर लांब ठेवा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, त्यामुळे तोही मुरमापर्यंत न्यावा लागतो.

पैसे देताना दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत रोखून धरायची अट करारात घाला, आणि गळती, सांधे व दारांची दुरुस्ती त्या रकमेला जोडा. ही अट साफ नाकारणाऱ्याकडून घर घेऊ नये.