शेंगा चटणीच्या डंकावर गांबियाचं डोमोडा (पाचपैकी चार स्टार)

कांडपाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार पण आहे आणि मालकीणबाई रोज समोर भेटतात. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना कळेलच कुठलं ते. दोन डंक (म्हणजे चटणी-मसाला कुटायची यंत्रं), एक पिठाची गिरणी, बाहेर बाकडं आणि मिरचीच्या सीझनला गल्लीभर ठसका.

मी तिथं गेले ते डोमोडासाठी, म्हणजे गांबियातल्या शेंगदाण्याच्या रश्शासाठी, बिनतिखटाचे शेंगदाणे कुटून घ्यायला. सोलापुरात राहून बिनतिखटाचे, होय. त्याचं असं झालं की आम्ही अडीच वर्षं गांबियात होतो, मिस्टर सेरेकुंडात एका भारतीय दुकानदाराकडं हिशोब बघायचे. नात्यात सांगितलं की पहिला प्रश्न, झांबिया का? आणि दुसरा, तिकडं सिंह फिरतात का ओ? झांबिया वेगळा, तो पार दक्षिणेला. गांबिया आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, एका बाजूला अटलांटिक आणि बाकी तिन्ही बाजूंनी सेनेगल. सिंह नाहीत, नदीच्या वरच्या भागात पाणघोडे आहेत. नकाशात बघा, चवळीची वाकडी शेंग ठेवल्यासारखा दिसतो, मधून गांबिया नदी आणि तिच्या दोन्ही काठांची पट्टी म्हणजे देश, संपला. जास्तीत जास्त रुंदी ५० किलोमीटरच्या आसपास. अख्खा देश साधारण ११,३०० चौरस किलोमीटर आणि आपला सोलापूर जिल्हा १४,८९५! लोक २४ लाखांच्या आसपास, आपल्या जिल्ह्यात २०११ लाच ४३ लाख होते. म्हणजे मी परदेशात जाऊन जिल्ह्यापेक्षा लहान जागेत राहून आले.

राजधानी बांजुल, ती पण बेटावर, इंग्रजांच्या काळात बाथर्स्ट म्हणायचे, १९७३ ला नाव बदललं. आणि नदी मधे असल्यामुळं उत्तर-दक्षिण जायचं म्हणजे फेरीबोट. फाराफेन्नीजवळ पूल झाला तो २०१९ ला, त्याआधी सेनेगलचे ट्रक पलीकडं जायला दिवसेंदिवस लायनीत उभे असायचे असं ड्रायव्हर लोक सांगायचे.

पण मला तिथं घरच्यासारखं वाटलं ते शेंगदाण्यामुळं. जून ते ऑक्टोबर पाऊस, त्यावरच भुईमूग, दिवाळीच्या सुमाराला काढणी, मग पोत्यांची खरेदी. १९६५ ला इंग्रज गेले तेव्हा देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ शेंगदाणेच होते. इंग्रजांनी शेंगा लावायला लावल्या आणि खायला तांदूळ बाहेरून आणला, ती सवय अजून आहे, तांदूळ बहुतेक बाहेरचाच येतो. आता टुरिझम आहे, परदेशात गेलेली पोरं पैसे पाठवतात, पण खेड्यात अजून शेंगाच. तिथल्या वोलोफ भाषेत शेंगदाण्याला गेर्ते म्हणतात, बाजारात हा शब्द मी पहिला शिकले.

आणि त्याचं डोमोडा! कांदा टोमॅटो परतायचा, मटण किंवा चिकन, आम्ही लाल भोपळा आणि वांगं घालायचो, मग शेंगदाण्याची पेस्ट पाण्यात कालवून ओतायची, बारीक गॅसवर ठेवायचं तेल वर येईपर्यंत, शेवटी लिंबू. भातावर घालून एकाच मोठ्या परातीत सगळे गोल बसून उजव्या हातानं खातात, आणि परातीत आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. शेजारीण तिथल्या मंडिंका समाजाची होती, तिनं शिकवलं. जेवल्यावर अताया म्हणजे कडक हिरवा चहा, तीन फेऱ्या, पहिली कडू आणि पुढची गोड होत जाते. आपल्याकडं एका कपात उठतात, तिथं दुपार जाते.

परत आल्यावर मिक्सरवर पेस्ट करून बघितली. भांडं तापतं, पाती फिरत राहतात, कूट कडेला बसतं आणि बाईसाहेब चमच्यानं खरवडत बसतात. विकतचं पीनट बटर आणलं तर त्यात साखर. डोमोडा गोड झालं, मिस्टरांनी न बोलता लोणचं मागितलं. मग डोक्यात आलं, शेंगा चटणीचं तेल सुटतं ते कुटून, मग हे तर डंकाचंच काम.

पहिल्या वेळी फसगत झाली. दोन किलो दाणे भाजून, सालं पाखडून नेले, चार वेळा सांगितलं तिखट नको, बाई हो हो म्हणाल्या आणि आधीच्या लाल मिरचीच्या डंकातच ओतलं. पेस्ट गुलाबी, वास काळ्या मसाल्याचा. कुटायचे पैसे परत दिले नाहीत, उलट "चटणीत खपवा की ओ" म्हणाल्या. खपवली, पण एक स्टार इथंच गेला.

दुसऱ्या वेळी मी सकाळी उघडल्या उघडल्या गेले, आधी मूठभर तांदूळ कुटून डंक साफ करून घेतला आणि समोर उभी राहिले. आधी कूट, मग गोळे, मग पाचेक मिनिटांनी एकदम रंग बदलतो, तेलाची चकाकी येते आणि मुसळाला चिकटायला लागतं. तिथंच थांबवायचं. घरी तसंच डोमोडा झालं, तेल वर आलं, मिस्टरांनी ताट पुसून खाल्लं. बाईंना वाटीभर दिलं तर चाखून म्हणतात, "मीठ कमी हाय, आन् भाकरीबरोबर लागंल बगा."

जाणार असाल तर मिरचीच्या सीझनमध्ये म्हणजे मार्च ते मे जाऊ नका, डंक साफ मिळतच नाही. डबा घरून न्या, त्या प्लास्टिकच्या पिशवीत गरम पेस्ट भरून देतात. किलोला चाळीस घेतले माझ्याकडून, सुटे न्या.