लॅपटॉपचा सेन्सर की जिओफोन?

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी सोसली, त्यांच्या घरात आजही रात्री भांडं पडलं की माणसं दचकून उठतात. म्हणून घरबसल्या भूकंप टिपायचा तर कशाने, हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

‘क्वेक-कॅचर नेटवर्क’ने, म्हणजे भूकंप टिपायला स्वयंसेवकांचे संगणक जोडणाऱ्या जाळ्याने, २००८ पासून दाखवलेली वाट सोपी: यूएसबीचा छोटा त्वरणमापक (हालचालीच्या वेगातला बदल मोजणारा सेन्सर) फरशीला चिकटवायचा, लॅपटॉपला जोडायचा. स्वस्तही. पण बारीक धक्का त्याच्या स्वतःच्याच खरखरीत बुडून जातो.

‘रास्पबेरी शेक’ या घरी ठेवायच्या छोट्या भूकंपमापक यंत्रात जिओफोन असतो. स्प्रिंग, चुंबक आणि तारेचं वेटोळं. जमीन हलली की वेटोळ्यात वीज उमटते. हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे जमिनीतून गूढ आवाज येतात, तिथले बारीक हादरे पकडायचे तर हाच हवा. हिंगोलीतला २१ मार्च २०२४ चा ४.५ तीव्रतेचा धक्का जवळ असता तर त्या त्वरणमापकालाही कळला असता.

जिओफोनचं यंत्र महाग, शिवाय लाईट गेली की बंद. लॅपटॉपला निदान बॅटरी असते. तरी माझा कौल जिओफोनलाच, निदान तालुक्याला एक. फक्त काळ्या मातीवर ठेवू नका. मुरूम लागेपर्यंत खणा, त्यावर ओटा बांधा.